चौथी चिठ्ठी

१

रविवारी दुकान बंद असायचं, आणि रविवारीच दुकानात सगळ्यात जास्त आरडाओरडा असायचा. लग्न होऊन आलेल्या धाकटीला हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

धाकटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जाऊबाई थोरल्या, म्हणून ही धाकटी. तिनं त्यावर कुरकुर केली नाही. कुरकुर करण्यापेक्षा तिला बघायला आवडायचं. कोण हसण्याआधी घसा खाकरतं, कोण खोटं बोलताना नाक खाजवतं, हे सगळं तिच्या डोक्यात नीट घड्या घालून ठेवलेलं असे.

नवरा चष्मे करायचा. पुढे दुकान, मागे डोळे तपासायची खोली. खोली आखूड, आणि तक्ता तर लांबून वाचायला हवा. म्हणून खुर्चीच्या मागे, बसणाऱ्याच्या डोक्यावर, उलट्या अक्षरांचा तक्ता टांगला होता आणि समोरच्या भिंतीवर आरसा लावला होता. आरशात बघितलं की अक्षरं सुलट होत आणि अंतर दुप्पट. खुर्ची बोल्टनं जमिनीला घट्ट बसवलेली. तिच्या पाठीचं, टेकायच्या बाजूचं, रेक्झिन मधोमध फाटलं होतं, त्यावर काळी चिकटपट्टी आडवी मारलेली.

रविवारी जेवणं झाली की त्या खुर्चीपुढे टेबल ओढलं जाई. थोरले दीर, ज्यांना सगळेच दादा म्हणत, टेबलाच्या टोकाला पुठ्ठ्याचा आडोसा उभा करत. आठवडाभर ते गावातल्या इमारतींच्या लिफ्ट तपासत हिंडायचे. रविवारी मात्र ते गोष्टीच्या खेळाचे सूत्रधार. आडोशामागून सांगायचे, "तुम्ही दीपगृहाखालच्या भुयारात आहात. पायऱ्या ओल्या आहेत. समोर दार आहे. काय करता?"

आणि चार मोठी माणसं संध्याकाळच्या चहापर्यंत त्या दारावरून भांडायची.

२

"तू आधी नुसतं बघ," नवरा म्हणाला. "मग सांगतो."

सांगायची गरज पडली नाही. दोन रविवारांत तिला खेळापेक्षा खेळणारे जास्त कळले. तिचा नवरा एरवी पाणी प्यायलासुद्धा दोनदा विचारून उठायचा. खेळात मात्र दिसेल त्या दाराला लाथ. जाऊबाई घरात कुणाचं ऐकून घ्यायच्या नाहीत, आणि भुयारातल्या सांगाड्यांशी मात्र समजुतीनं बोलायच्या. "तुमचंही बरोबर आहे हो," असं त्या एका भुताला म्हणाल्या तेव्हा दादांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिसरे होते दातांचे डॉक्टर, नवऱ्याचे शाळेपासूनचे मित्र. त्यांना ना लढाईत रस, ना बोलण्यात. त्यांना नियम आवडायचे. वीस बाजूंचा फासा टाकायच्या आधी ते कागदावर गणित मांडत, आणि फासा मनासारखा पडला नाही की नियमांच्या पुस्तकातलं पान काढून दाखवत.

"यांच्याकडे दात काढायला गेलं की आधी कलम वाचून दाखवतात," जाऊबाई म्हणाल्या.

"आणि दुखलं तर कलमाप्रमाणे दुखतं, वहिनी," डॉक्टर म्हणाले.

धाकटीला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि हातात वही दिली. आधी जाऊबाई लिहायच्या. पण एका हातानं फासा आणि एका हातानं वही, त्यांचे हाल व्हायचे. वहीचा नियम डॉक्टरांनी केलेला होता. चहाच्या वेळी वही मोठ्यानं वाचायची आणि कसलाही वाद झाला तर वही उघडायची. वहीत लिहिलं ते झालं. वहीत नाही ते झालंच नाही.

"म्हणजे सगळ्यात मोठी तूच," नवरा म्हणाला.

ती हसली. तिला मोठं व्हायचं नव्हतं; तिला टेबलाशी बसायचं होतं. आठवडाभर नवरा दुकानात, ती वरच्या मजल्यावर. रात्री बोलणं म्हणजे दिवा घालवू का आणि पंखा कमी करू का. रविवारी तोच माणूस टाळ्या देत खिदळायचा, आणि ती सहा फुटांवरून ते लिहून घ्यायची.

३

नियम असा होता की आपण काय करणार ते प्रत्येकानं आधी चिठ्ठीवर लिहायचं आणि चष्म्याच्या रिकाम्या डबीत टाकायचं. नाव घालायचं नाही. दादा चिठ्ठ्या उघडून वाचत आणि सगळं एकदमच घडे. त्यामुळे आपापसात ठरवाठरवी होत नाही, हा हेतू. आणि चिठ्ठी कुणाची हे विचारायचं नाही, ही रीत. तशीही लाथ कुणाची आणि समजूत कुणाची ते लपून राहत नसे.

चिठ्ठ्यांसाठी दुकानातलंच पॅड होतं, नंबर लिहून द्यायचं. उजवा डोळा, डावा डोळा, अशा छापील रकान्यांवर माणसं लिहायची, 'तलवार उपसून आत घुसतो.'

दादांच्या पुढे एक दोरी ताणलेली असे, तिला कपड्यांचे चिमटे. प्रत्येकाच्या पाळीचा एक चिमटा. धाकटीनं पहिल्या रविवारीच मोजले होते. खेळणारे तीन. चिमटे चार.

डबीतून निघायच्या चिठ्ठ्याही चारच.

चौथी चिठ्ठी दादा डोळ्यांजवळ धरायचे, लांब धरायचे आणि म्हणायचे, "हिला काही वाचता येत नाही. थांबला म्हणून लिहा." जाऊबाईंच्या हातची मागची दोन वर्षांची पानं तिनं चाळली. प्रत्येक पाळीला तेच. चौथा थांबला. चौथा थांबला.

"ही चौथी पाळी कुणाची?" तिनं विचारलं.

"अगं, होता एक जण सुरुवातीला," जाऊबाई म्हणाल्या. "डॉक्टरांचा कुणी मित्र."

"माझा नाही हो," डॉक्टर म्हणाले. "दादांच्या ऑफिसातला ना?"

"छे. हा घेऊन आला होता त्याला," दादांनी भावाकडे बोट दाखवलं.

"मी?" नवरा म्हणाला. "असेल. पण नियम आहे, पात्र मेलं नाही तोवर पाळी काढायची नाही. काय, डॉक्टर?"

"कलम अकरा," डॉक्टर म्हणाले, आणि खेळ पुढे चालू झाला.

मदत करायची म्हणून धाकटी दुकानात गेली आणि गल्ल्याशेजारच्या खणातून फ्रेमचे स्क्रू बघायचं भिंग घेऊन आली. दादांनी चिठ्ठीवर भिंग धरलं.

"अरे वा. येतंय की वाचता." अक्षर मुंगीच्या पायांएवढं होतं, तक्त्याच्या शेवटच्या ओळीहून बारीक. दादांनी वाचलं, "'कोण आलं ते बघावं.'"

"बघू दे," नवरा म्हणाला. "मी तोवर दार तोडतो."

४

त्या दिवसापासून चौथी चिठ्ठी वाचली जाऊ लागली, आणि धाकटीला ती फार आवडू लागली.

चौथ्याला लढायचं नसायचं, कुणाशी बोलायचं नसायचं. 'पायऱ्या मोजाव्यात.' 'भिंतीवर हात फिरवून बघावा.' 'दारापलीकडे श्वास ऐकू येतो का ते ऐकावं.' आपल्याला खेळायला मिळालं असतं तर आपण नेमकं हेच केलं असतं, असं तिच्या मनात येई. खजिना नको, फत्ते नको. दारामागे काय आहे एवढंच बघायचं.

मग एका रविवारी चिठ्ठी निघाली, 'लिहिणारी कुठे बसते ते बघावं.'

"लिहिणारी?" दादा म्हणाले. "भुयारात कुठली लिहिणारी?"

जाऊबाईंनी भुवया उडवल्या. "भावजी, इतकंच असेल तर सरळ स्टुलाशेजारी खुर्ची टाकून बसा ना."

"मी नाही!" नवरा म्हणाला, आणि कान लाल झाले.

धाकटीनं मान खाली घालून लिहिलं, पण पेन्सिल थोडी जास्त दाबली गेली. एरवी पंख्याच्या पलीकडे न बोलणारा माणूस मुंगीच्या अक्षरात का होईना बोलतोय. पुढच्या रविवारी, 'लिहिणारीचे हात थंड आहेत का?' ते खरंच थंड होते. ती ओढणीत हात गुंडाळून बसली आणि तिला दिवसभर उगीच हसू येत राहिलं.

एकच गोष्ट खटकली. चिठ्ठ्या लिहिताना ती आता नवऱ्याकडे चोरून बघायची. तो एकच चिठ्ठी लिहायचा. भराभरा, मोठ्या गिचमीड अक्षरात, आणि पहिला टाकून मोकळा व्हायचा.

५

बघणाऱ्या माणसाला खात्री करून घेतल्याशिवाय राहवत नाही. पुढच्या रविवारी तिनं पॅड आपल्याकडे ठेवलं. प्रत्येक पाळीला मोजून तीनच कागद फाडले आणि तिन्हींच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीचा एक एक ठिपका दिला. पेन्सिली तीनच ठेवल्या. डबी रिकामी आहे, हे उलटी आपटून बघितलं.

तिघांनी लिहिलं. तिघांनी टाकलं. दादांनी डबी उघडली.

"चार," दादा म्हणाले.

चहाच्या वेळी तिनं चिठ्ठ्या उलट्या करून बघितल्या. तिन्हींवर ठिपका होता. चौथी म्हणजे त्याच पॅडच्या कागदाचा फाडलेला कोपरा होता, नखाएवढा. ठिपका नव्हता. अक्षर इतकं बारीक का, याचा उलगडा मात्र झाला. एवढ्याशा कागदावर माणूस मोठं लिहिणार तरी कसं?

याला कारण असणार, असं तिनं स्वतःला बजावलं. कुणीतरी घरूनच कोपरा फाडून आणत असेल. तिनं एकेकाला गाठलं. जाऊबाई कप विसळताना म्हणाल्या, "डॉक्टर गं, दुसरं कोण. वरून गंभीर आणि आतून नुसते चावट." डॉक्टर जाताना चपला घालत म्हणाले, "तुमचे यजमान. पॅड कुणाचं? अर्थात विचारायचं नसतं, वहिनी." दादा म्हणाले, "आमची ही दोन चिठ्ठ्या टाकते. मला ठाऊक आहे. मी बोलत नाही." प्रत्येकाला दुसरा ठाऊक होता, आणि खेळाची मजा जायला नको म्हणून इतकी वर्षं कुणीच बोललं नव्हतं.

नवऱ्याला तिनं सगळ्यात शेवटी विचारलं. तो दुकानात काचा पुसत होता.

"ती चौथी चिठ्ठी तुम्ही लिहिता ना?"

त्यानं नाक खाजवलं नाही. "मला वाटायचं दादाच लिहितो. सूत्रधार आहे, काहीतरी गंमत." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून फडकं खाली ठेवलं. "तुला वाटलं मी?"

"नाही हो. सहज विचारलं."

"हात थंड असतात का तुझे?" म्हणत त्यानं तिचा हात हातात घेतला आणि काच धरल्यासारखा जपून धरला. "असतात की. मला सुचायला हवं होतं." मग म्हणाला, "तू खेळ ना आमच्यात. मलाही तू तिकडे कोपऱ्यात बसलेली बरं नाही वाटत."

त्या बोलण्यानं ती इतकी सुखावली की मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. खोली झाडताना तो परत आठवला. तिनं सहज आरशाकडे बघितलं. आरशात रिकामी खुर्ची होती, वर तक्ता होता, सगळ्या ओळी सुलट. खुर्चीच्या पाठीवरची काळी पट्टी दिसत नव्हती.

ती एक पाऊल बाजूला सरकली. पट्टी होती. उजेड, दुसरं काय. आरसा जुना आहे.

ती परत मागच्या जागी जाऊन उभी राहिली नाही.

६

पुढच्या रविवारी पहिल्याच पाळीला दादांनी भिंग धरून वाचलं, "'लिहिणारीला पाळी द्यावी.'"

"हे मात्र कुणीही लिहिलेलं असो, बरोबर लिहिलंय," नवरा म्हणाला, आणि यावेळी तो सरळ तिच्याकडे बघत होता.

"देऊन टाका बाई," जाऊबाई म्हणाल्या. "तीन महिने झाले, पोर स्टुलावर बसून आमच्या लीला लिहितेय."

डॉक्टरांनी पुस्तक उघडलंच होतं. "पाचवी पाळी घालता येणार नाही. पाचवी घातली तर संध्याकाळपर्यंत एक दार उघडायचं नाही. पण असलेली पाळी दुसऱ्याला देता येते. कलम चौदा." त्यांनी बोट ओळीवर फिरवलं. "फुकट नाही. अदलाबदल. देणाऱ्यानं आपली पाळी द्यायची, घेणाऱ्यानं आपली जागा. आणि घेणाऱ्यानं तोंडानं कबूल म्हणायचं. काय, वहिनी, कबूल?"

धाकटीच्या हातात पेन्सिल होती. तिला ठिपका नसलेला कोपरा आठवला. ज्याची पाळी आहे तो यांच्यातला नाही, हे या खोलीत एकट्या तिला माहीत होतं. शहाण्या माणसानं इथे नको म्हटलं असतं. पण समोर टेबल होतं, टेबलाशी नवरा होता, आणि त्यानं फासा तिच्यासाठी पुढे करून धरला होता. शिवाय दार दिसलं की त्यामागे काय आहे ते बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिची खेळायची तऱ्हाच ती.

"कबूल," ती म्हणाली.

तिनं वही, पेन्सिल आणि भिंग स्टुलावर ठेवलं. "वही कोण लिहिणार मग?"

"लिहू आलटून पालटून," डॉक्टर म्हणाले, आणि कुणीच वही उचलली नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा उचलेल.

तपासणीच्या खुर्चीत रविवारी कुणी बसत नसे; ती बसायला गार होती. नवऱ्यानं चौथा चिमटा तिच्या ओढणीला लावला तेव्हा सगळे हसले. तिनं चिठ्ठी लिहिली, चांगल्या ठसठशीत अक्षरात, 'मी दार उघडते.' दादांनी डबी उघडली, मोजल्या. चार. धाकटीनं सुटकेचा श्वास सोडला. जो कुणी चिठ्ठ्या टाकत होता तो थांबला होता.

"टाक फासा," दादा म्हणाले.

तिनं टाकला. फासा गडगडत गेला, पुठ्ठ्याला आपटला आणि थांबला. वीस.

"वीस!" नवऱ्यानं टेबलावर थाप मारली. "आमच्या घराण्यात पहिल्या फटक्यात वीस कुणाला पडलेत का?"

दादांनी आवाज खाली आणला. दार उघडतं, ते म्हणाले, आत गोल खोली आहे, खोलीत एकच खुर्ची. दीड तास कसा गेला तिला कळलं नाही. ती बोलली, हसली, जाऊबाईंना टाळी दिली. मधेच कोपऱ्यातून पेन्सिलीचा आवाज येत होता, संथ, न थांबणारा. कुणीतरी लिहितंय, बरं झालं, असं तिच्या मनात आलं, आणि कोण ते बघायला तिला फुरसत मिळाली नाही.

७

चहा आला तसे दादा म्हणाले, "वाचा आता."

नवऱ्यानं हात लांबवून स्टुलावरची वही घेतली, भिंग घेतलं. "'तिघं दारापाशी थांबले,'" त्यानं वाचलं. "'चौथ्या पाळीला कुणी काही केलं नाही. दार बंद आहे.'"

"अहो!" धाकटी म्हणाली. "मी उघडलं ना! वीस पडले!"

"दार बंद तर बंद," दादा म्हणाले. "वहीत लिहिलं ते झालं."

"मला वाटत होतं उघडलं म्हणून," जाऊबाई क्षणभर घुटमळल्या. "नसेल. मागच्या खेपेचं असेल ते."

"अहो, इकडे बघा," धाकटी नवऱ्याला म्हणाली. सगळे मिळून चेष्टा करताहेत, नव्या माणसाची करतात तशी. तिनं त्यांचे चेहरे नीट पाहिले. कुणी घसा खाकरला नाही. कुणाचा हात नाकाकडे गेला नाही. डॉक्टरांनी तिच्यापुढचा फासा, वीस वर असलेला, उचलला. "हा इथे कुणी टाकून ठेवला?" म्हणून त्यांनी तो डब्यात टाकला.

नवऱ्यानं वही आणि भिंग परत स्टुलावर ठेवलं. ठेवताना तो वाकला आणि दुकानात काचा पुसताना तिच्याशी बोलला होता त्याच आवाजात हळूच म्हणाला, "किती बारीक लिहितेस गं."

जाऊबाईंनी कप मांडले. चार टेबलावर, ज्याच्या त्याच्यापुढे. पाचवा स्टुलाच्या कडेला, दर रविवारी ठेवत तसा. सवयीनं ठेवला असेल, धाकटीनं स्वतःला सांगितलं. खुर्चीपुढे जागा रिकामीच राहिली.

स्टुलाकडे वळून बघणं सोपं होतं. तिनं ते केलं नाही. तिनं समोर आरशात बघितलं.

आरशात टेबल होतं, चौघांचे चहाचे कप होते. वर तक्ता होता. तक्त्याखाली खुर्ची होती, आणि जिथे ती टेकून बसली होती त्या खुर्चीच्या पाठीवर मधोमध आडवी काळी चिकटपट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ दिसत होती. आरशाच्या कडेला स्टुलाचं एक टोक येत होतं. तिथला कप कुणीतरी उचलला.

"चला, एक शेवटची पाळी," दादा म्हणाले.

पॅड आता स्टुलावर होतं. तिघांच्या हातात एक एक कागद आला. धाकटीपुढे काही आलं नाही. टेबलावर मघाची, तिचीच ठसठशीत चिठ्ठी पडली होती. तिनं तिचा कोपरा फाडला. नखाएवढाच फाटला. पेन्सिलीचं एक मोडकं टोक सापडलं. काय लिहायचं ते तिला ठाऊक होतं. कलम चौदा तिनं ऐकलं होतं. 'लिहिणारीला पाळी द्यावी.' एवढ्याशा जागेत मावण्यासाठी अक्षरं बारीक करावी लागली, मग आणखी बारीक.

तिनं कोपरा डबीत टाकला. दादांनी डबी उघडली.

"चार," दादा म्हणाले.

"कुणाची ते विचारायचं नाही," डॉक्टर म्हणाले, आणि सगळे हसले.

दादांनी चौथी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. लांब धरली. त्यांनी टेबलावर हात फिरवला. भिंग स्टुलावर होतं आणि ते कुणी पुढे केलं नाही.

"हिला काही वाचता येत नाही," दादा म्हणाले. "थांबला म्हणून लिही गं."

कोपऱ्यात पेन्सिल चालू लागली.

"राहू दे, दादा," नवरा प्रेमानं म्हणाला. "पुढच्या रविवारी या खुर्चीत बस. तुझा नंबर तपासतो."